पहिली धार

आमच्या घरातल्या शोकेसमध्ये, बाळ येशूच्या मूर्तीच्या खालच्या कप्प्यात, एक बाटली चार वर्षं न उघडता उभी होती. योइची सिंगल माल्ट. माझा मामा क्रूझ जहाजावर कामाला आहे. जहाज जपानच्या उत्तरेला, होक्काइडो बेटावरच्या ओतारू बंदरात थांबलं तेव्हा हा गडी लोकल ट्रेन पकडून शेजारच्या योइची गावात गेला, तिथला व्हिस्कीचा कारखाना बघून आला आणि येताना ही बाटली घेऊन आला. दिली कोणाला, तर डॅडींना. डॅडी दारूला शिवत नाहीत हे सगळ्या वसईला माहीत आहे. त्यांनी ती पुसली, मामाचं मन राखलं आणि काचेमागे ठेवून दिली.

आधीच सांगून टाकते, हा लेख चाखून लिहिलेला नाही. मी 21 वर्षांची आहे आणि महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी कायद्याने 25 पूर्ण लागतात. पण बाटली बघून बघून कुतूहल वाढलं. जपान आणि व्हिस्की हे जमलं कसं, एवढंच शोधायला गेले आणि ऑलिव्ह चेकलंड या बाईंनी इंग्रजीत लिहिलेलं एक चरित्र हाती लागलं. मासाताका ताकेत्सुरू आणि त्याची बायको रीटा यांचं. ते पुस्तक पिशवीत टाकूनच मी गेल्या फेब्रुवारीत उदयनगरला गेले.

उदयनगर मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यात. इंदूरहून बसने जायचं, पुढे घाट आणि जंगल. माझी आत्या सिस्टर आहे, तेव्हा ती तिथे होती. 25 फेब्रुवारीला तिथे सिस्टर राणी मारिया यांचा स्मृतिदिन असतो. आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवण्याचं काम करणाऱ्या या सिस्टरना 1995 साली त्याच दिवशी, त्याच इंदूरच्या वाटेवर बसमध्ये मारलं गेलं. त्यासाठी म्हणून गेलेली मी चार दिवस राहिले, आणि आत्याबरोबर वस्त्यांवर हिंडले.

एका घरामागे भट्टी लागलेली होती. खाली चूल. चुलीवर हंडा, त्यात वाळलेली मोहाची फुलं भिजवून आंबवलेली. हंड्यावर दुसरं मडकं, आणि सगळ्यात वर गार पाण्याचं भांडं. वाफ वर जाते, गार बुडाला लागते, थेंब होतात आणि नळीतून बाहेर बाटलीत पडतात. वरचं पाणी तापलं की बदलायचं. एवढंच. वास मात्र विलक्षण होता. गोड, थोडा आंबूस, मनुका डब्यात फार दिवस राहिल्या तर येतो तसा, आणि त्याच्याखाली लाकडाचा धूर. मी तिथेच उभी राहिले. आत्या त्या बाईशी तिच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलत होती, पण भट्टीकडे पाठ करून.

परतताना तिने विचारलं, एवढं काय बघत होतीस. मी उत्साहाने सांगून गेले की एका जपानी माणसाने शंभर वर्षांपूर्वी हीच विद्या शिकण्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडली होती. ती गप्प झाली. मग मला माझीच लाज वाटली. माझे आजोबा, म्हणजे डॅडींचे आणि आत्याचे पपा, गावठी दारूने गेले. डॅडी तेव्हा नववीत होते, आत्या सहावीत. आमच्या घरात हे कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

रात्री जेवण झाल्यावर तिनेच विषय काढला. कोण होता तो तुझा जपानी, सांग. मग कॉन्व्हेंटच्या जेवणघरात, ट्यूबलाइटखाली, मी तिला सांगितलं ते असं.

मासाताका ताकेत्सुरूचा जन्म 20 जून 1894 चा, हिरोशिमाजवळच्या ताकेहारा गावचा. घराण्याचा धंदा साके गाळण्याचा, असं मी म्हणाले आणि लगेच चुकले. साके गाळत नाहीत. ती तांदूळ आंबवून करतात, वाफेचा त्यात संबंध नाही. हे घराणं 1733 पासून ती बनवत आलं होतं. लहानपणी हा जिन्यावरून पडला, नाकाला मोठी जखम झाली, टाके पडले. त्यानंतर आपलं नाक इतरांपेक्षा तिखट झालं असं तो मानायचा. खरंखोटं देवाला ठाऊक. पण ज्याच्या हातून पुढे नाकाचंच काम व्हायचं होतं त्याने ही गोष्ट जपून ठेवावी यात नवल नाही.

ओसाकात तो मद्यनिर्मितीचं शास्त्र शिकला आणि सेत्सु शुझो नावाच्या कंपनीत लागला. तेव्हा जपानमध्ये व्हिस्की म्हणून जे विकलं जायचं ते बहुतेक स्पिरिटमध्ये रंग आणि सुगंध कालवलेलं असायचं. कंपनीच्या मालकाला वाटलं, खरी वस्तू करायची तर खऱ्या जागी जाऊन शिकलं पाहिजे. 1918 च्या उन्हाळ्यात, पहिलं महायुद्ध अजून चालू असताना, 24 वर्षांचा मासाताका कोबेहून जहाजात बसला. अमेरिकेमार्गे ब्रिटनला पोचेपर्यंत डिसेंबर उजाडला. पाश्चात्त्य दारू शिकायला वंशपरंपरेचा धंदा सोडून मुलगा निघाला तेव्हा घरच्यांना काय वाटलं असेल, असं आत्याने विचारलं. वंश त्यानेच चालवावा ही त्यांची अपेक्षा होती. तिने मान डोलावली. कॉन्व्हेंटला निघाले तेव्हाचं तिला काही आठवलं असावं.

ग्लासगोच्या विद्यापीठात त्याने रसायनशास्त्राची व्याख्यानं ऐकली, पण व्हिस्की वर्गात कळत नाही. मग एकेका कारखान्याचं दार ठोठावणं आलं. 1919 च्या एप्रिलमध्ये लाँगमॉर्नला त्याला पाच दिवस मिळाले. पाच दिवस! त्यात त्याने जे दिसेल ते वहीत उतरवून घेतलं. त्या उन्हाळ्यात बोनेसला धान्याची व्हिस्की कशी काढतात ते पाहिलं. 1920 मध्ये कॅम्पबेलटाउन गावातल्या हेझलबर्नमध्ये काही महिने राहून पक्कं शिकला. वह्या जपानीत, आकृत्यांसकट. ज्या गोष्टींना त्याच्या भाषेत शब्दच नव्हते त्या त्याने जपानीत लिहिल्या, हे मला त्या सगळ्या चरित्रातलं सगळ्यात अवघड काम वाटतं. मराठीत हा लेख लिहिताना माझी रोजची तीच रडकथा आहे.

जव भिजवून मोड आणतात. मोड थांबवायला ते वाळवावे लागतात, आणि स्कॉटलंडमध्ये ते पीटच्या धुरावर वाळवायची पद्धत. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत, दबत गेलेल्या झाडपाल्याची माती. ती कापून, सुकवून जाळतात. तो धूर जवात बसतो आणि शेवटपर्यंत जात नाही. पुढे दळणं, गरम पाण्यात गोडवा उतरवणं, आंबवणं, आणि मग तांब्याच्या मोठ्या भांड्यातून दोनदा गाळणं. इथे मी आत्याला ती गोष्ट सांगितली जिने मी स्वतः चकित झाले होते. आपल्याकडे पहिल्या धारेची म्हणजे अस्सल, कडक, शाबासकीची. व्हिस्कीत उलट. पहिली धार उग्र, डोळ्यात पाणी आणणारी, नको त्या द्रव्यांनी भरलेली म्हणून बाजूला काढतात आणि पुढच्या खेपेत पुन्हा गाळायला घालतात. शेवटचीही तशीच. ठेवायची फक्त मधली. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ओळखणं म्हणजे कारागिरी. मग ते पाण्यासारखं पांढरं पाणी ओकच्या पिंपात भरून वर्षानुवर्षं झोपवायचं. रंग येतो तो पिंपाचा.

आत्याने विचारलं, आणि वर्षानुवर्षं थांबायला पैसे कोण देतं. तिचा प्रश्न बरोबर होता. मासाताकाचं अर्धं आयुष्य त्याच प्रश्नात गेलं.

पण आधी रीटा. जेसी रॉबर्टा कोवन, ग्लासगोजवळच्या किर्किनटिलोकची डॉक्टरची मुलगी, जन्म 1896. वडील नुकतेच वारलेले. तिची बहीण विद्यापीठात होती. तिच्या ओळखीने धाकट्या भावाला जुजुत्सु शिकवायला हा जपानी विद्यार्थी घरी येऊ लागला. नाताळच्या पुडिंगमध्ये नाणं आणि अंगुस्तान लपवतात. नाणं याला मिळालं, अंगुस्तान तिला, आणि ती लग्नाची खूण धरतात, असं सांगतात. दोन्ही घरांचा विरोध. 8 जानेवारी 1920 ला त्यांनी ग्लासगोत नोंदणी पद्धतीने लग्न केलं, चर्च नाही, मिरवणूक नाही. तिच्यासाठी तो स्कॉटलंडमध्येच राहायला तयार होता. तिनेच सांगितलं म्हणे, की त्याचं स्वप्न जपानचं आहे, तेव्हा जायचं जपानलाच. आत्याला हे आवडलं की नाही मला कळलं नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, की बाईनेच घर सोडलं ना शेवटी.

1920 च्या अखेरीस दोघं जपानला पोचले आणि इथे स्वप्न थेट आपटलं. महायुद्धानंतरच्या मंदीत कंपनीकडे पैसा नव्हता. वह्या कपाटात गेल्या. 1922 मध्ये त्याने नोकरी सोडली आणि एका मिशनरी शाळेत मुलांना रसायनशास्त्र शिकवू लागला. रीटा इंग्रजी आणि पियानो शिकवायची. ज्या माणसाने युरोपात जाऊन व्हिस्कीचं गुपित आणलं तो वर्षभर फळ्यावर सूत्रं लिहीत होता.

मग शिंजिरो तोरी आला. गोड पोर्ट वाइन विकून श्रीमंत झालेला ओसाकाचा व्यापारी, कोतोबुकिया कंपनीचा मालक. तीच कंपनी आज सन्टोरी म्हणून ओळखली जाते. 1923 मध्ये त्याने मासाताकाला दहा वर्षांच्या कराराने, वर्षाला 4000 येन पगारावर घेतलं. तेव्हा ही रक्कम भरभक्कम होती. क्योतो आणि ओसाकाच्या मध्ये, तीन नद्या जिथे भेटतात त्या यामाझाकीला कारखाना उभा राहिला आणि 1924 च्या अखेरीस भट्टी पेटली. मासाताकाला खरं तर थंड, दमट, स्कॉटलंडसारख्या होक्काइडोत जायचं होतं. तोरीला गिऱ्हाईक जवळ हवं होतं.

1929 मध्ये पहिली जपानी व्हिस्की बाजारात आली, शिरोफुदा. पडली. लोकांना ती करपट वाटली. पीटचा धूर त्यांच्या नाकाला दूध लागल्यासारखा, भात तळाला धरल्यासारखा लागला. मला या जागी मासाताकाची कीव येते आणि लोकांचीही बाजू पटते. आयुष्यभर साकेची तांदळाची सौम्य चव घेतलेल्या माणसाच्या पेल्यात अचानक जळक्या मातीचा वास आला तर तो काय करेल? चरित्रं तोरीला थोडं खलनायकासारखं उभं करतात, ते मला अन्यायाचं वाटतं. तोरीने मिश्रण हलकं केलं, जपानी जिभेला जुळवलं आणि 1937 मध्ये काकुबिन नावाची बाटली आणली, ती चालली. तो दुकानदाराच्या बाजूने बरोबर होता. मासाताका वहीच्या बाजूने. एका छपराखाली हे दोघं फार काळ राहणं शक्यच नव्हतं. 1934 मध्ये मासाताका बाहेर पडला.

तो गेला योइचीला. समुद्र, डोंगर, बर्फ आणि सफरचंदांच्या बागा. व्हिस्की विकायला तयार व्हायला वर्षं लागतात, तोवर खायचं काय, म्हणून कंपनी काढली ती फळांच्या रसाची, दाइ निप्पोन काजू. ओसाकात रीटा ज्यांच्या घरी इंग्रजी शिकवायची त्यांच्याकडूनही भांडवल आलं. रस महाग पडला, फारसा खपला नाही. दोन वर्षांनी तांब्याचं पहिलं भांडं बसलं. 1940 मध्ये पहिली व्हिस्की निघाली, कंपनीच्या नावातली दोन अक्षरं जोडून निक्का.

योइचीत भांड्याखाली आजही दगडी कोळसा फावड्याने टाकून आच धरतात. बाकी बहुतेकांनी कधीच वाफेची नळी घेतली. कोळशाची आच भडकते, बुडाशी थोडं लागतं, आणि त्यातून जो वास येतो त्याला इंग्रजी पुस्तकं चार-पाच विशेषणं लावतात. आपल्याकडे एकच शब्द पुरतो, खरपूस. करपट आणि खरपूस यांच्यात फरक किती, तर भाकरी उलटायला लागतो तेवढा.

व्हिस्की चाखणं म्हणजे निम्म्याहून जास्त हुंगणं, हे मला मामाकडून कळलं. तोंडाशी निमुळता होणारा छोटा ग्लास घ्यायचा, तळाला थोडीशी ओतायची, नाक आत खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून लांबूनच वास घ्यायचा. मग पाण्याचे चार थेंब. पाणी पडलं की दबलेले वास वर येतात. जपानी लोक जेवताना तर पाणीच जास्त घालतात, त्याला मिझुवारी म्हणतात. सामान्यपणे दर्दी लोक नाक मुरडतील, पण मासळीबरोबर ती तशीच जाते. जपानी ओकच्या पिंपातल्या व्हिस्कीला चंदनाचा, उदाचा वास येतो म्हणतात. देवळात आणि चर्चमध्ये वाढलेल्या नाकांना तो शिकवावा लागणार नाही.

आत्याने इथे मला थांबवलं. हे सगळं श्रीमंतांचं झालं, गरीब काय पीत होते, असं तिने विचारलं.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा निक्काचा माल नौदल घेऊ लागलं, त्यामुळे जव मिळत राहिले आणि कारखाना वाचला. रीटाने तोवर जपानी नागरिकत्व घेतलं होतं, जपानी बोलायची, लोणची घालायची, तरी चेहरा शत्रूचा. पोलीस पाळतीवर असत. युद्ध संपलं आणि उपाशी शहरांत लोक काहीही पिऊ लागले. मिथाइल अल्कोहोल मिसळलेली दारू पिऊन माणसं आंधळी झाली, मेली. मालवणीत 2015 मध्ये शंभराहून जास्त लोक गेले तसंच. कायदेशीर बाजारात तिसऱ्या प्रतीची व्हिस्की खपायची. तिच्यात खरी व्हिस्की जास्तीत जास्त पाच टक्के, शून्य असली तरी चाले. मासाताकाला असली वस्तू करायचीच नव्हती. कंपनी बुडायला आली, भागधारक मागे लागले, कामगारांचे पगार होते. 1950 मध्ये त्याने मान तुकवली, पण पाचच्या पाच टक्के घातले, कृत्रिम सुगंध आणि रंग न घालता. त्यामुळे ती इतरांपेक्षा महाग पडली.

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की पपांच्या दारूत काय होतं ते कोणी कधी बघितलंच नाही. पाच टक्के काय, नवसागर किती होता कोणास ठाऊक. त्याला दारू म्हणायची सोय होती, एवढंच. मी वही मिटली. तिने उरलेलं सांगायला लावलं.

उरलेलं थोडं आहे. रीटा 17 जानेवारी 1961 ला गेली, 64 वर्षांची. पोटचं मूल त्यांना नव्हतं, दोन मुलं दत्तक घेतली होती. मासाताका खोलीत कोंडून बसला. बाहेर आला तेव्हा दत्तक मुलाला घेऊन नवं मिश्रण करायला बसला. ते 1962 मध्ये सुपर निक्का म्हणून निघालं. 1969 मध्ये सेंदाईजवळ मियागिक्योचा दुसरा कारखाना, योइचीच्या उलट, मऊ आणि फळांच्या वासाचा. जागा ठरवताना त्याने तिथल्या नदीच्या पाण्यात आपली व्हिस्की मिसळून चाखली होती. 29 ऑगस्ट 1979 ला तोही गेला. योइचीच्या टेकडीवर दोघांची कबर एकत्र आहे, तिथून कारखाना दिसतो. 2001 मध्ये व्हिस्की मॅगझिनच्या चाचणीत योइचीच्या एका पिंपाने स्कॉटलंडच्या मातब्बरांना मागे टाकलं. तेव्हा तो नव्हता. आणि गंमत अशी, की बाहेरून आणलेल्या व्हिस्कीवर जपानी लेबल लावू नये, निदान तीन वर्षं जपानातच मुरवावी, हा नियम तिथल्या उत्पादकांनी स्वतःला घालून घ्यायला 2021 उजाडलं.

आत्याने वर्तमान घेतला आणि झोपायला गेली.

मे महिन्यात ती सुट्टीवर वसईला आली. दुसऱ्या दिवशी शोकेससमोर उभी राहिली आणि डॅडींना म्हणाली, उघड ती. मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. डॅडी बराच वेळ नुसते उभे होते. मग त्यांनी सील फोडलं, चमचाभर ग्लासात ओतली, मी वर पाण्याचे थेंब टाकले. पिणार कोणीच नव्हतं. ग्लास हातोहात फिरला. डॅडींनी लांबूनच वास घेतला, पुन्हा घेतला, आणि म्हणाले की ओला पेंढा पेटवल्यावर वाडीत येतो तसा धूर आहे, आणि पाठीमागे काहीतरी गोड. आत्याने डोळे मिटून घेतला. तिने बऱ्याच वेळाने सांगितलं की यात पपांचा वास नाही.

डॅडींनी बूच लावून बाटली परत काचेमागे ठेवली. ग्लास रात्रभर टेबलावरच राहिला. सकाळी मी उचलला तेव्हा तळाशी थोडा धूर होता. मम्मीने तो माझ्या हातातून घेतला आणि दोनदा घासला.